हाताने घडवलेलं ग्लेझ्ड सिरॅमिक शिल्प: माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत कुठे काय चुकतं

शिल्प फुटलं की सगळ्यांत आधी बोल लागतो तो भट्टीला. टेंपरेचर जास्त झालं, भट्टी जुनी आहे, ग्लेझच (वर चढणारा काचेसारखा थर) खराब होतं वगैरे वगैरे. पण फुटलेले तुकडे हातात घेऊन नीट बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच दिसतं. एका बाजूला जाडी १ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ४, किंवा पंख जिथून निखळला ती जागा एकदम गुळगुळीत, म्हणजे जोडताना ओरखडे मारलेच नव्हते. चूक आठवडाभर आधी झालेली असते आणि ती कळते भट्टी उघडल्यावर.

म्हणून इथे सगळा भर तयारीवर आणि क्रमावर आहे. उदाहरणाला एक बसलेलं घुबड धरू, भाजून तयार झाल्यावर ३० सेंटिमीटर उंच. कारण त्यात सगळे त्रास एकत्र येतात: बंद पोकळ पोट, जड डोकं, पातळ कानांचे तुरे, चिकटवलेले पंख आणि पिसांचं टेक्श्चर ज्यावर ग्लेझ एक तर सुंदर बसतं नाहीतर सगळं गिळून टाकतं.

## १. सुरुवात शेवटाकडून करा: आधी फायरिंग ठरवा

बहुतेक जण उलटं करतात. मिळेल ती माती आणतात, शिल्प बनवतात, मग आवडलेलं ग्लेझ शोधतात आणि तेव्हा कळतं की ग्लेझ वितळतं १२२० डिग्रीला आणि माती ११०० च्या पुढे बसकण मारते. माती, ग्लेझ आणि भट्टी या तिघांचं टेंपरेचर जुळलंच पाहिजे, आणि ते कागदावर जुळवायचं, माती हातात घेण्याआधी.

ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. लो-फायर म्हणजे अर्दनवेअर, ग्लेझ फायरिंग (ग्लेझ लावून भट्टीत भाजणं) कोन ०६ ते ०४, साधारण १००० ते १०६० डिग्री सेल्सिअस. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारी छोटी सुळकी, तिच्या नंबरावरून भाजण्याची पातळी सांगतात. रंग झगझगीत मिळतात, माती भट्टीत फारशी वाकत नाही, पण भाजल्यावरही सच्छिद्र राहते आणि पाणी पिते. दुसरा मिड-रेंज स्टोनवेअर, कोन ५ किंवा ६, म्हणजे साधारण १२०० ते १२२० डिग्री. हे घट्ट आणि मजबूत होतं, पण वरच्या टेंपरेचरला माती थोडी मऊ पडते आणि पुढे आलेली चोच, पसरलेला पंख, बारीक पाय खाली झुकू शकतात. माझं मत विचाराल तर पहिलंच शिल्प असेल आणि त्यात अधांतरी भाग बरेच असतील तर लो-फायर घ्या. आपलं घुबड गोळाबंद आहे, खाली रुंद बसतं, त्याला स्टोनवेअर चालेल.

आता आकसण्याचा हिशोब. माती वाळताना आकसते आणि भाजताना परत आकसते, स्टोनवेअरमध्ये दोन्ही मिळून बऱ्याचदा १० ते १३ टक्के. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, त्याच मातीची एक पट्टी करा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारा, वाळवा, शेवटच्या टेंपरेचरपर्यंत भाजा आणि रेघ परत मोजा. ८.८ भरली तर आकसणं १२ टक्के. म्हणजे ३० सेंटिमीटरचं घुबड हवं तर ओलं असताना ते ३४ सेंटिमीटर बनवावं लागेल.

तपासा: भट्टीची आतली उंची आणि रुंदी स्वतः मोजा. शिल्प पहिल्यांदा भट्टीत जातं तेव्हा ते फक्त वाळलेलं असतं, पूर्ण आकसलेलं नसतं, त्यामुळे मोठं माप धरायचं. हीटिंग कॉइलपासून सगळीकडून निदान २-३ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. आणि ते भट्टीत ठेवणार कोण आणि कसं, याचाही विचार आत्ताच करा. वरून उघडणाऱ्या खोल भट्टीत जड कच्चं शिल्प दोन हातांनी खाली सोडणं फार अवघड जातं, त्यात तुरे तुटतात.

## २. माती: ग्रॉग, मळणी आणि एक जुना गैरसमज

शिल्पासाठी ग्रॉगवाली माती घ्या. ग्रॉग म्हणजे आधीच भाजून कुटलेल्या मातीची भरड. ती एकदा भाजलेली असल्यामुळे आता आकसत नाही, म्हणून एकूण आकसणं कमी होतं, जाड भागातून ओल बाहेर यायला वाट मिळते आणि भिंत उभी राहते. चाकावर कप करायची गुळगुळीत माती शिल्पाला वापरली की भेगा पडणारच. हात खरखरतात ही तक्रार मान्य, पण वरचा थर शेवटी लवचिक रबर रिबने (हातात धरायची चपटी रबरी पट्टी) दाबून घेतला की ग्रॉग आत बसतो.

ओल्या स्पंजने मात्र पुसत बसू नका. त्याने बारीक माती धुऊन जाते आणि ग्रॉग वर येतो, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट.

पाकिटातली माती मऊ वाटली तरी मळून घ्या. गोळा तारेने मधोमध कापून बघा, पोकळ्या किंवा कडक गाठी दिसल्या तर अजून मळा. बरोबरीने त्याच मातीचं स्लिप (जोड लावायची लापशीसारखी माती) करून ठेवा: वाळलेले तुकडे पाण्यात विरघळवा, गाळा, आणि ब्रशवरून ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा. थोडं पांढरं व्हिनेगर घातलं तर जोड चांगला धरतो. दुसऱ्या मातीचं स्लिप वापरू नका, दोघांचं आकसणं वेगळं असेल तर जोड बरोबर त्याच रेघेवर सुटतो.

गैरसमज असा की हवेचा बुडबुडा राहिला की शिल्प फुटतं. हवा गरम होऊन थोडी फुगते आणि मातीच्या छिद्रांतून निघून जाते, तिच्यात एवढी ताकद नसते. फोडते ती ओल. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १६०० ते १७०० पट जागा लागते, आणि ती जाड मातीच्या मधोमध अडकली तर जायला वाटच नसते. बुडबुड्याभोवतीची माती बहुतेक वेळा जाडही असते आणि ओलीही, म्हणून आळ बुडबुड्यावर येतो. हे एकदा नीट समजलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

सावधान: प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पाट्यावर काम करत असाल तर कडा ढासळलेला पाटा वापरू नका. प्लास्टरचा बारीक कण मातीत गेला तर भाजल्यानंतर तो हवेतली ओल खाऊन फुगतो आणि पृष्ठभागाचा टवका उडवतो, कधी कधी शिल्प तयार होऊन आठवडे उलटल्यावर.

## ३. उभारणी: घाई इथे महागात पडते

पहिली गोष्ट, आत लोखंडी तार किंवा सळीचा सांगाडा ठेवायचा नाही. माती आकसते, लोखंड आकसत नाही, मग माती त्याच्याभोवती तडकते. आधार हवाच तर चुरगाळलेली वर्तमानपत्रं आत भरा. ती आकसण्याला अडवत नाहीत आणि काढता आली नाहीत तर भट्टीत जळून जातात, फक्त धूर होतो, त्यामुळे हवा खेळती हवी.

लाकडी फळीवर वर्तमानपत्राचे दोन कागद पसरा आणि त्यावर १ ते १.२ सेंटिमीटर जाडीचा तळ ठेवा. कागद यासाठी की वाळताना तळ आकसून आतल्या बाजूला सरकतो, फळीला चिकटून बसला तर सरकता येत नाही आणि मधोमध भेग जाते. तळाची माती लाटताना दोन्ही बाजूंनी लाटा आणि उचलून उलटताना वाकवू नका. एकदा मुडपलेली माती हाताने सपाट केली तरी वाळताना परत त्याच बाजूला वळते.

आता वळ्या. अंगठ्याएवढ्या जाडीची वळी, म्हणजे मातीची लांब दोरी करा, तळाच्या कडेवर ओरखडे, स्लिप, वर वळी, मग आतून खालच्या दिशेला आणि बाहेरून वरच्या दिशेला माती ओढून सांधा पूर्ण पुसून टाका. नुसत्या एकावर एक ठेवून बाहेरून गुळगुळीत केलेल्या वळ्या छान दिसतात, पण आत सांधे तसेच राहतात आणि वाळताना तिथे आडव्या चिरा पडतात. फुगवटा हवा तिथे वळी बाहेरच्या कडेवर ठेवा, आत घ्यायचं तिथे आतल्या कडेवर. एका बैठकीत ८-१० सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, खालचा भाग थोडा कडक होऊ द्या, फक्त वरची कड ओल्या फडक्याने आणि प्लास्टिकने झाकून ठेवा म्हणजे पुढची वळी तिला धरेल. घुबडाचं पोट खाली बसलं, एका बाजूला कललं, अशा ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक इथल्या असतात, एकाच दिवशी खांद्यापर्यंत चढवलेलं असतं.

भिंत सगळीकडे सारखी, १ सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या कामात दीड चालेल. सारखी असणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण जाड आणि पातळ भाग शेजारी आले की पातळ आधी वाळून आकसतो आणि जाडाला ओढतो. खांदे आणि डोकं यांच्यामध्ये आत एक मातीची उभी पट्टी आडभिंतीसारखी लावली तर डोक्याचा भार पेलतो, तिला मधे एक भोक ठेवा.

काही जण भरीव शिल्प घडवून मग पोकळ करतात. चेहऱ्याचे बारकावे मनासारखे करायचे असतील तर ही पद्धत खरंच चांगली. पण वेळ गाठावी लागते: माती लेदर-हार्ड झाली, म्हणजे नख रुततं पण वाकत नाही, की तारेने डोकं टोपीसारखं कापायचं, लूप टूलने (टोकाला तारेचा फास असलेलं हत्यार) आतून कोरून १ ते दीड सेंटिमीटर भिंत ठेवायची आणि परत जोडायचं. कापण्याआधी दोन्ही भागांवर आरपार दोन-तीन खुणेच्या रेघा मारून ठेवा, नाहीतर डोकं परत बसवताना किंचित फिरतं आणि चेहरा तिरका होतो.

तपासा: प्रत्येक बंद पोकळीला बाहेर जायला भोक आहे का? पोटाला तळातून, डोक्याला आडभिंतीतून, आणि चोच किंवा पंख पोकळ असतील तर त्यांनाही. पेन्सिलीएवढं एक भोक पुरतं. वर्तमानपत्र भरलं असेल तर थोडं मोठं ठेवा.

पिसांचं टेक्श्चर लेदर-हार्ड अवस्थेतच. त्याआधी केलं तर माती दबून भिंत पातळ होते, नंतर केलं तर कडा ठिसूळ तुटतात. आणि इथे ग्लेझचा विचार आत्ताच करायचा. १ मिलिमीटरपेक्षा उथळ रेघ जाड अपारदर्शक ग्लेझखाली नाहीशी होते. खोल करा, पण सुरीच्या पात्याने व्ही आकाराची चीर नको, तिच्या टोकातून भेग सुरू होते. गोल टोकाच्या हत्याराने काढलेली खाच बरी. तिच्यात ग्लेझ साचून गडद दिसतं आणि पिसाच्या कडेवर पातळ होऊन मातीचा रंग दिसतो, असल्या शिल्पाची सगळी मजा त्यातच आहे.

## ४. जोड: तुरे, चोच, पंख

नियम एकच आहे आणि तो सगळ्यांना माहीत असतो: ओरखडे आणि स्लिप. तरीही पंख का पडतात? कारण दोन भागांची ओल वेगळी असते. घुबडाचं धड काल केलेलं, लेदर-हार्ड, आणि पंख आत्ताच लाटलेला, एकदम ओला. जोडताना मस्त चिकटतो, पण नंतर पंखाला अजून बरंच आकसायचं असतं आणि धडाचं बरंचसं झालेलं असतं. तो ओढतो, सुटतो.

त्यामुळे पंख आणि तुरे आधीच कापून धडासोबतच प्लास्टिकखाली ठेवा, सगळे एकाच ओलीला येऊ द्या. मग दोन्ही बाजूंना आडवे-उभे ओरखडे मारा, किमान २ मिलिमीटर खोल, स्लिप दोन्हीकडे लावा, दाबून किंचित मागेपुढे हलवा. बाजूने थोडं स्लिप बाहेर आलं पाहिजे, येत नसेल तर स्लिप कमी पडलंय. शेवटी जोडाच्या कोपऱ्यात बारीक वळी भरून गोलाई द्या. कानाच्या तुऱ्याचं बूड जाड ठेवा आणि टोकाकडे निमुळतं करा, टोकही अगदी धारदार नको, तिथे ग्लेझ टिकत नाही आणि टोक हाताला लागतं.

वाळलेल्या शिल्पाचा तुरा मोडला तर ओली माती लावून काही होत नाही, ती वाळून सुटते. त्याच मातीच्या स्लिपमध्ये भिजवून कुटलेला टिश्यू पेपर मिसळा आणि त्याने जोडा, कागदाचे तंतू आकसताना धरून ठेवतात. अगदी बारीक तुकडा असेल तर मात्र बाजूला ठेवा, सगळं भाजून झाल्यावर इपॉक्सीने चिकटवा.

## ५. वाळवणं

सगळ्यांत जास्त शिल्पं इथे मरतात आणि सगळ्यांत कमी लक्ष इथेच दिलं जातं.

हेतू एवढाच की सगळे भाग एकाच वेगाने वाळावेत. तुरे, चोच, पंखांची टोकं आधी वाळतात, त्यांना ओलसर टिश्यू आणि प्लास्टिक गुंडाळा. बाकी शिल्पावर पातळ प्लास्टिक सैल टाका. पहिले तीन-चार दिवस पूर्ण झाकलेलं, रोज एकदा प्लास्टिक उलटं करा कारण आत पाण्याचे थेंब जमतात आणि ते एकाच जागी पडत राहिले तर तिथली माती मऊ होते. मग हळूहळू उघडं. तळ सगळ्यांत शेवटी वाळतो, म्हणून शिल्प पेलण्याइतकं कडक झालं की ते जाळीवर किंवा दोन पट्ट्यांवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल.

पंखा नको, ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. एका बाजूने वारा लागला की ती बाजू आधी आकसते आणि घुबड त्या बाजूला मान वाकवतं.

एवढ्या आकाराला दोन ते तीन आठवडे धरा. दमट हवेत जास्त. "वरून पांढरं पडलं म्हणजे वाळलं" हा सगळ्यांत धोक्याचा समज आहे, वरून पांढरं पडल्यावरही भिंतीच्या मधे ओल राहते.

तपासा: गालाला लावून बघा, थंड लागलं तर ओल आहे. पण गालावरही पूर्ण विसंबू नका, वजनकाटा वापरा. ओल्या मातीच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, ते जाताना वजन रोज उतरतं. रोज त्याच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की मग भट्टी. काट्यावर ठेवताना तुऱ्याला किंवा पंखाला धरून उचलायचं नाही, नेहमी तळाखाली हात.

## ६. पहिलं फायरिंग: बिस्किट

कोन ०६ ते ०४, म्हणजे साधारण १००० ते १०६० डिग्री. एवढ्यावर माती पक्की होते पण सच्छिद्र राहते, म्हणून ग्लेझ शोषून घेते.

पहिला टप्पा ८० ते ९० डिग्रीवर धरून ठेवणं, झाकण किंवा व्हेंट (भट्टीचं हवेचं भोक) थोडं उघडं, आपल्या घुबडाला ८ तास तरी, जाड काम असेल तर रात्रभर. १०० च्या खाली राहायचं म्हणजे उरलेलं पाणी उकळणार नाही, नुसतं उडून जाईल. व्हेंटसमोर थंड आरसा धरा, त्यावर दव येत असेल तर अजून थांबा. त्यानंतर ६०० पर्यंत तासाला ६० ते ८० डिग्रीने चढवा. यात दोन गोष्टी होतात: साधारण ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या रेणूंमध्ये बांधलेलं पाणी निघतं, आणि ५७३ डिग्रीला क्वार्ट्झची रचना एकदम बदलून तो फुगतो. जाड-पातळ भिंतींचं शिल्प ही उडी वेगवेगळ्या वेळी मारतं, म्हणून सावकाश. ६०० नंतर वेग वाढवता येतो, तरी ७०० ते ९०० च्या पट्ट्यात फार पळवू नका, मातीतला कार्बन आणि इतर सेंद्रिय भाग तिथे जळून जायला हवा. तो आत राहिला तर दुसऱ्या फायरिंगला बाहेर येतो आणि ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. मग ग्लेझला दोष दिला जातो.

सावधान: भाजताना निघणाऱ्या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, भट्टीच्या खोलीत बसून राहू नका. आणि १०० डिग्रीच्या वर झाकण उघडायचं नाही, डोकावण्यापुरतंही नाही.

## ७. ग्लेझ: आधी टेस्ट टाइल, नंतर शिल्प

सपाट टाइलवर ग्लेझ बघून ते शिल्पावर लावणं ही नेहमीची चूक. शिल्प उभं असतं, ग्लेझ वितळून खाली उतरतं. त्याच मातीच्या एल आकाराच्या, उभ्या राहणाऱ्या टाइल करा, त्यांवर तीच पिसं उमटवा, वर एक थर, खाली दोन, मधे तीन असं लावून भाजा. कुठे टेक्श्चर बुडालं आणि कुठे ग्लेझ ओघळलं ते तिथेच कळतं.

ग्लेझमध्ये मुळात तीन कामं चाललेली असतात: सिलिका काच बनवते, फ्लक्स तिचा वितळणबिंदू खाली आणतो आणि अल्युमिना वितळलेल्या काचेला घट्ट ठेवतं म्हणजे ती वाहून जात नाही. उभ्या शिल्पाला घट्ट, कमी वाहणारं ग्लेझ निवडा. वाहणारं फारच आवडलं असेल तर ते फक्त डोक्यावर आणि खांद्यांवर लावा, खालचा तिसरा हिस्सा स्थिर ग्लेझने करा.

पावडरपासून बनवत असाल तर ती पाण्यात घाला, ढवळा, ८० मेशच्या चाळणीतून गाळा. मग घनता मोजा: १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन करा, बुडवण्या-ओतण्यासाठी ते साधारण १४० ते १५० ग्रॅम भरतं. आपल्या टेस्टला जो आकडा जमला तो बादलीवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी डोळ्याच्या अंदाजाने पाणी घालायची वेळ येणार नाही.

सावधान: कोरड्या पावडरीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात साठून कायमचा आजार करते. कोरडं काम करताना धुळीसाठीचा घट्ट बसणारा मास्क हवाच, आणि जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. शिसं असलेलं ग्लेझ घेऊ नका.

## ८. ग्लेझ लावणं

बिस्किट झालेलं शिल्प ओलसर स्पंजने पुसा, खाचांमधली धूळ ब्रशने काढा आणि एक दिवस वाळू द्या. धूळ किंवा बोटांचं तेल राहिलं की ग्लेझ भाजताना तिथून मागे सरकतं आणि उघडी चकती राहते, याला क्रॉलिंग म्हणतात. पुसल्यानंतर हातमोजे घाला.

तळाला आणि त्याच्या वर ४-५ मिलिमीटरपर्यंत वॅक्स लावा, म्हणजे तिथे ग्लेझ धरणार नाही. शिल्पाच्या तळातलं हवेचं भोक मोकळं ठेवा.

घुबडासाठी मला आवडणारा क्रम असा: आधी रेड आयर्न ऑक्साइड पाण्यात पातळ कालवून सगळ्या पिसांवर फासायचं, मग ओल्या स्पंजने वरवरचं पुसायचं, म्हणजे ते फक्त खाचांत उरतं. पुसताना स्पंज सारखा धुवा, नाहीतर सगळीकडे तांबूस धूसरपणा राहतो. ऑक्साइड जाड ठेवू नका, ते स्वतः फ्लक्ससारखं वागतं आणि वरचं ग्लेझ तिथे जास्त वाहतं. हे वाळलं की वर अर्धपारदर्शक ग्लेझ. डोळ्यांत वेगळं चकचकीत ग्लेझ हवं असेल तर ते आधी भरून त्यावर वॅक्सचा ठिपका द्या.

एवढं मोठं शिल्प बादलीत बुडवता येत नाही, मग ब्रश, ओतणं किंवा स्प्रे. ब्रशने करायचं तर ब्रशसाठीचंच ग्लेझ घ्या, त्यात डिंकासारखा घटक असतो. दोन ते तीन थर, प्रत्येक आधीच्याच्या आडव्या दिशेने, आणि मधला थर हाताला कोरडा लागेपर्यंत थांबायचं. स्प्रे केला तर पिसांच्या खालच्या बाजू हमखास सुटतात, शिल्प फिरवत खालूनही मारा, आणि एक्झॉस्ट असलेल्या बूथमध्येच.

तपासा: जाडी साधारण १ मिलिमीटर. पाठीमागे कुठेतरी सुईने टोचून बघा, मग ती जागा बोटाने चोळून बुजवा. खाचांमध्ये ग्लेझ साचून वाळताना चिरलं असेल तर ते जास्त झालंय, आत्ताच खरवडा.

## ९. भट्टीत मांडणी आणि दुसरं फायरिंग

शेल्फवर किल्न वॉश (ग्लेझ शेल्फला चिकटू नये म्हणून लावायचा लेप) असू दे. जड शिल्पाखाली त्याच मातीची, वेगळी केलेली एक पातळ पाटी ठेवा, जी अजून या टेंपरेचरला भाजलेली नाही, आणि दोघांमध्ये अल्युमिना पावडर भुरभुरा. पाटी शिल्पाबरोबर आकसते, त्यामुळे तळ शेल्फवर घासून अडकत नाही. स्टोनवेअरला तीन टोकांचे स्टिल्ट (शिल्प टेकवायचे छोटे पाय) लावायचे नाहीत, वरच्या टेंपरेचरला माती मऊ होऊन त्या टोकांवर बसते, ते लो-फायरसाठी. चोच किंवा पंख फार पुढे असेल तर खाली त्याच मातीचा टेकू द्या, टोकाला अल्युमिना लावून. तिथे ग्लेझ अर्थातच नको. शेजारच्या वस्तूपासून निदान १ सेंटिमीटर अंतर.

शिल्पाजवळ साक्षीदार कोन ठेवा. कंट्रोलर फक्त टेंपरेचर सांगतो, कोन टेंपरेचर आणि वेळ दोन्हींचा मिळून झालेला परिणाम दाखवतो. कोन ६ धरलाय आणि कोन सरळ उभाच राहिलाय तर ग्लेझ खरखरीत का आलं हे वेगळं शोधायला नको.

सुरुवातीला परत सावकाश, कारण ग्लेझचं पाणी शोषलेलं आहे. शेवटी १०-१५ मिनिटं वरच्या टेंपरेचरला थांबा, बुडबुडे फुटून पृष्ठभाग सपाट व्हायला वेळ मिळतो. थंड होताना भट्टी बंदच. ५७३ चा टप्पा उतरतानाही येतो, आणि घाईने थंड केलेल्या जाड शिल्पाला आरपार स्वच्छ धारदार भेग जाते. भेगेच्या कडा बघून कारण ओळखता येतं: ग्लेझ कडेवर वितळून गोल झालं असेल तर भेग चढताना किंवा त्याआधीची, कड काचेसारखी तीक्ष्ण असेल तर उतरतानाची.

## १०. उघडल्यावर काय बघायचं

बोट फिरवण्याआधी डोळ्यांनी बघा. तळाशी ओघळून गोठलेला ग्लेझचा थेंब काचेइतकाच कापतो. डायमंड बिटने, पाणी लावून आणि गॉगल घालून तो घासून काढा.

पृष्ठभागावर केसासारख्या रेघांचं जाळं दिसलं तर क्रेझिंग, म्हणजे ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. शोभेच्या शिल्पाला ते चालतं, कधी छानही दिसतं. उलट प्रकार म्हणजे कडांवरून ग्लेझचे टवके सुटणं, त्याला शिव्हरिंग म्हणतात आणि ते चालवून घेऊ नका, टवके धारदार असतात. ते माती आणि ग्लेझ एकमेकांशी न जुळण्याचं लक्षण, परत भाजून सुधारत नाही, जोडी बदलावी लागते.

टाचणीएवढी भोकं किंवा क्रॉलिंगच्या चकत्या मात्र दुरुस्त होतात. शिल्प हाताला सोसेल इतपत गरम करा, त्या जागी घट्ट ग्लेझ ब्रशने थापा (गरम पृष्ठभागावर ते लगेच वाळून धरतं, थंड काचेवर घसरतं), आणि परत त्याच कोनला किंवा एक कोन खाली भाजा. चढवताना पहिल्या वेळेपेक्षाही हळू, कारण आता माती घट्ट झालेली आहे आणि झटका सोसत नाही. ज्या जागी आधीच ओघळ आलाय तिथे नवीन थर देऊ नका, परत भाजताना तो अजून खाली उतरून शेल्फला चिकटतो.